ओटल्यावरची पोरं आणि मंदिरामागची खोली

या आठवड्याचं पत्र इंदूरच्या सुदामा नगरमधल्या एका आईचं आहे. लांब होतं, म्हणून थोडं कमी करून देते.

“ताई, माझा मुलगा अठरा वर्षांचा आहे. बारावी झाली, आता एक वर्ष थांबून परीक्षेची तयारी करतोय. सकाळी भंवरकुआंला क्लास, दुपारी झोप, आणि सात वाजले की कोपऱ्यावरच्या बंद दुकानाच्या ओटल्यावर. तिथे सात-आठ जण जमतात. मोबाईल, गाड्यांचे हॉर्न, मोठमोठ्यानं हसणं, रात्री अकरापर्यंत हेच. विचारलं तर म्हणतो, ‘घरात बोर होतं गं.’ मुलं वाईट नाहीत. पण गेल्या महिन्यात बगीच्यातला दिवा कुणीतरी फोडला आणि नाव यांच्यावर आलं. आता रहवासी संघात ठरतंय की ओटल्यावर लोखंडी सळया बसवायच्या, म्हणजे कुणी बसणारच नाही. मी आमच्या गुरुवारच्या भजनी मंडळात पेटी वाजवते. गणपतीच्या मंदिरामागे मांडवाचं सामान ठेवायची एक खोली आहे. माझ्या मनात आलं, तिथे या मुलांसाठी संगीताचा क्लास काढावा. मुलाला सांगितलं तर ‘आई, प्लीज’ म्हणाला आणि निघून गेला. हे म्हणतात, अभ्यासाच्या वर्षात नसती खुळं नकोत. माझा विचार वेडेपणाचा आहे का?”

ताई, विचार मुळीच वेडेपणाचा नाही. त्यातला ‘क्लास’ तेवढा काढून टाका.

असं का म्हणते ते सांगते. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी रामबागेत राहत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत वाड्यातल्या नि आसपासच्या पोरांसाठी गाण्याचा वर्ग काढला. सतरंजी, पेटी, फळा, हजेरीची वही, सगळं मांडलं. पहिल्या दिवशी चौदा जण आले. मी यमनचे आरोह-अवरोह फळ्यावर लिहिले आणि एकेकाकडून म्हणवून घेतले. आवाज फुटायच्या वयातली मुलं ती. सगळ्यांसमोर एकट्यानं सा लावायचा म्हणजे त्यांना केवढी शिक्षा होती, हे मला तेव्हा दिसलंच नाही. चौथ्या आठवड्यात तिघं उरली, आणि त्यातल्या दोघी माझ्या मैत्रिणीच्या मुली.

त्या वर्गातला एक मुलगा अजून डोळ्यांसमोर आहे. तो सतरंजीवर बसतच नसे. दाराबाहेर पाण्याचं पत्र्याचं पिंप होतं, त्याला टेकून उभा राहायचा आणि आम्ही आत गात असताना बोटांनी झाकणावर ठेका धरायचा. कडेला वाजवलं की टणक आवाज येतो, मधोमध वाजवलं की घुमतो, आणि पिंपात पाणी किती आहे त्यावर तो घुमारा बदलतो, हे त्याचं त्यानं शोधून काढलं होतं. भरल्या पिंपावर एक बोल, रिकाम्यावर दुसरे. मी दोन दिवस दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी बाहेर जाऊन म्हटलं, “बंद कर ते, इथे वर्ग चाललाय.” त्यानं हात काढला, चपला घातल्या आणि गेला. पुन्हा आला नाही. पुढे चार वर्षांनी अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, बघायला राजवाड्याजवळ उभी होते, तर एका पथकात तोच ताशा वाजवत होता. काड्या दिसू नयेत इतका हात चालत होता. माझ्या वर्गातला सगळ्यात तयारीचा हात दाराबाहेर उभा होता आणि मी त्यालाच घालवलं, ही गोष्ट मला अजून टोचते.

तुमच्या मुलाचा दिवस त्याच्या जागेवरून बघा. सकाळचे चार तास त्याला काय काय येत नाही, हे कुणीतरी सांगत असतं. घरी आला की आपण विचारतो, “आज टेस्टमध्ये किती पडले?” त्यावर संध्याकाळी आणखी एक क्लास, त्यातही शिकवणारी आई किंवा आईच्या ओळखीचे गुरुजी. ‘आई, प्लीज’ म्हणाला, यात मला उद्धटपणा दिसत नाही. तो दमलेला आहे.

आणि ‘बोर होतं’ म्हणजे काय होतं, त्याचाही विचार करा. करमणूक तर त्याच्या खिशातच आहे, चोवीस तास. माझं मत असं झालंय की या वयातल्या मुलाला आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही, याचा कंटाळा येतो. लहान होता तेव्हा निदान दूध आणायला तरी पाठवायचात, आता तेही मोबाईलवरून येतं. मिळवता व्हायला अजून पाच-सहा वर्षं. घर त्याच्याशिवाय छान चालतं. ओटल्यावर मात्र एक दिवस गेला नाही तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतं, “काय भिया, काल कुठे होतास?” तेवढ्यासाठी तो तिथे जातो. म्हणून ओटल्याशी स्पर्धा करायची असेल तर त्या खोलीत त्याची वाट बघणारं, त्याच्यावाचून अडणारं काहीतरी हवं.

ते संगीतात आपोआप असतं. चार जणांनी मिळून धरलेल्या ठेक्यातून एक हात गेला की उरलेल्या तिघांना लगेच कळतं. हे तुम्ही मंडळात दर गुरुवारी अनुभवता. आपल्या भजनाची घडणच बघा ना. वीणा एकाच्या गळ्यात, पखवाजावर एकच जण, पण टाळ कितीही. ज्याला सूर नाही त्याच्याही हातात टाळ आहे. चूक झाली तर ती वीस टाळांच्या आवाजात झाकली जाते, कुणी थांबवून दाखवत नाही, आणि सहा महिन्यांत हात आपसूक बसतो. दारात प्रवेशपरीक्षा घ्यावी असं वारकऱ्यांना कधी वाटलं नाही. मी फळा मांडला तेव्हा हे सगळं विसरले होते.

तुमच्या मनात आलं तसं दूरदूरच्या देशांतल्या माणसांच्याही मनात आलेलं आहे. व्हेनेझुएलात 1975 साली होसे आंतोनियो आब्रेऊ या माणसानं काराकास शहरातल्या एका गॅरेजमध्ये अकरा मुलांना घेऊन वाद्यवृंदाची पहिली तालीम घेतली. त्यातून पुढे देशभर मुलांचे वाद्यवृंद उभे राहिले आणि गुस्ताव्हो दुदामेलसारखा जगभर नावाजलेला संचालक तिथेच घडला. तिथली शिस्त फार कडक, मुलांना बोलायला जागा नाही, अशी टीकाही नंतर झाली, आणि ती मला महत्त्वाची वाटते.

मला जास्त जवळची वाटते ती त्रिनिदादची गोष्ट. इंग्रजी राजवटीनं तिथल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या ढोलांवर बंदी घातली. लोकांनी बांबू कापून जमिनीवर आपटत ताल धरला. मग 1930 च्या दशकापासून बिस्किटांचे डबे, झाकणं, आणि पुढे तेलाची मोठी पिंपं आली. पोर्ट ऑफ स्पेनच्या गरीब वस्त्यांतल्या, कामधंदा नसलेल्या पोरांनी त्या पिंपांचे तळ ठोकून ठोकून त्यात सूर बसवले. या पोरांच्या टोळ्यांमध्ये मारामाऱ्या व्हायच्या, भले लोक त्यांना गुंड म्हणायचे. 1951 साली त्यांच्यातल्या निवडक वादकांचं पथक लंडनच्या मोठ्या महोत्सवात वाजवायला गेलं, आणि आज स्टीलपॅन हे त्या देशाचं राष्ट्रीय वाद्य आहे. ते शोधून काढणाऱ्यांपुढे कुणी फळा मांडला नव्हता. त्यांच्याकडे वाजवायला एक अंगण होतं आणि शेजारच्या वस्तीपेक्षा आपलं सरस व्हावं ही ईर्ष्या होती. हे वाचलं तेव्हा मला माझ्या दारातलं पिंप आठवलं.

आपल्या इंदूरकडेही या बाबतीत काही कमी नाही. नानासाहेब पानसे होळकरांच्या दरबारात पखवाज वाजवत, आणि त्यांच्या शिष्यांमुळे पानसे घराणं देशभर गेलं. थोर गायक उस्ताद अमीर खां याच शहरात वाढले. वडील शाहमीर खां सारंगी वाजवत, घरी गवय्यांच्या बैठकी होत आणि पोर ते ऐकत मोठं झालं. पण मला तुमच्या प्रश्नासाठी आठवतात ते गिरणी कामगार. हुकुमचंद मिल 1991 साली बंद पडली, पुढे बाकीच्याही गेल्या. लोकांचे पगार, फंड, सगळं अडकलं. तरीही या कामगारांच्या अनंत चतुर्दशीच्या झांक्या निघत राहिल्या. वर्गणी गोळा करून, उधारी करून निघाल्या. हातात काम नव्हतं, पण एक तारीख होती, आणि त्या तारखेला सगळं शहर रस्त्यावर उभं राहून आपली वाट बघणार हे प्रत्येकाला ठाऊक होतं. तुमच्या मुलांनाही अशी एक तारीख लागेल. त्याकडे मी शेवटी येते.

आता खोलीचं बघू.

आधी मांडवाचं सामान एका भिंतीला लावून घ्या. ते मुलांनाच उचलायला सांगा, पण ‘क्लास काढायचाय’ असं न सांगता. खोली रिकामी झाली की सतरंजी टाका आणि किल्ली त्यांच्यातल्या दोघांकडे द्या. किल्ली देणं हेच खरं देणं आहे. संघाच्या लोकांना याचीच भीती वाटेल, तेव्हा त्यांना लेखी द्या की एक किल्ली तुमच्याकडेही आहे आणि जबाबदार तुम्ही आहात. नियम दोनच ठेवा: खोलीत कसलीही नशा नाही, आणि रात्री नऊला कुलूप. बाकी सगळं मुलं ठरवतील. आठवड्यातले दोन दिवस पुरेत, मंगळवार आणि शनिवार म्हणा, सात ते नऊ.

नऊ का, तर आवाजाचे नियम आहेत. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ, आणि राहत्या वस्तीत दिवसा 55 डेसिबल, रात्री 45 ही मर्यादा. एक ढोल एवढी मर्यादा सहज ओलांडतो. म्हणून मुलांनी कितीही आग्रह धरला तरी त्या खोलीत ढोल-ताशा नको. बंद खोलीत कानांनाही तो सोसत नाही. ढोलाला मैदान हवं आणि कानांत मेडिकलच्या दुकानात मिळतात ते इअरप्लग हवेत, कापूस पुरत नाही. हात बसवायचा असेल तर जुना टायर आडवा टाकून त्यावर ढोलाचं टिपरू (काठी) चालवता येतं.

मग खोलीत काय वाजवायचं? तुमची पेटी, मंडळातली एखादी जुनी ढोलकी, टाळ, कुणाकडे माळ्यावर पडलेली गिटार असतेच. त्यांच्याबरोबर मी एक वाद्य मुद्दाम सुचवीन: कहोन. नाव परदेशी आहे, वस्तू साधी. लाकडाचं खोकं, त्यावर बसायचं आणि समोरच्या फळीवर हातांनी वाजवायचं. आफ्रिकेतून गुलाम म्हणून पेरू देशात आणलेल्या लोकांनी मालाच्या खोक्यांवर ठेका धरला, त्यातून ते जन्मलं. आजकाल मुलांच्या बहुतेक बँडमध्ये ते दिसतं, त्यामुळे तुमच्या पोरांना ते ओळखीचं असेल.

विकत आणू नका. मुलांना बनवू द्या. साधारण तीस सेंटिमीटर लांब-रुंद आणि पंचेचाळीस-पन्नास उंच असं खोकं, बारा मिलिमीटरच्या प्लायचं. समोरची फळी मात्र पातळ, तीन-चार मिलिमीटरची. मागच्या बाजूला हाताचा पंजा जाईल एवढं गोल भोक. आत, समोरच्या फळीला हलकेच टेकतील अशा गिटारच्या जुन्या दोन तारा ताणायच्या, म्हणजे थाप मारली की झर्र असा आवाज येतो. कडा सरसानं चिकटवायच्या, पण समोरची फळी स्क्रूनं बसवायची आणि वरच्या दोन कोपऱ्यांचे स्क्रू किंचित सैल सोडायचे, कारण तिथेच तो तडतडीत बोल निघतो. मी हे एका कॉलनीत जवळ बसून बघितलंय. सुतारानं फळ्या कापून दिल्या, जोडणं मुलांचं. पहिल्यांदा जोडलं तेव्हा आवाज मेल्यासारखा आला. मग पाऊण तास चार डोकी त्या खोक्यात. एक जण स्क्रू अर्धा फेरा सोडतोय, दुसरा थाप मारून बघतोय, तिसरा मोबाईलचा उजेड आत धरतोय. आणि एका क्षणी तो आवाज आला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे गप्प झाले, मग प्रत्येकाला एकदा मारून बघायचं होतं. त्या पाऊण तासात एकाही मुलानं स्वतःसाठी मोबाईल बघितला नाही. चोइथराम मंडीतल्या फळांच्या खोक्यांच्या फळ्यांपासून करता येईल का, असं एकानं विचारलं. त्या फळ्यांना फटी असतात, त्यामुळे समोरची बाजू तरी प्लायचीच लागते. पण प्रश्न फार चांगला होता.

काय गायचं, हे तुम्ही ठरवू नका. हे तुम्हाला जड जाईल, मला माहीत आहे. बहुधा ती रॅपपासून सुरुवात करतील. करू द्या. तुमच्या लक्षात येईल की तुमचा भजनातला कहरवा ताल त्याखाली चपखल बसतो. आठ मात्रा, धा गे ना ती ना क धी ना, आणि त्यांची ओळ चार-चार ठोक्यांची. ढोलकीवर तो संथ लयीत धरा नि बघा. शब्द त्यांचे असू देत. गल्लीवर, भंवरकुआंच्या क्लासवर, पोह्याच्या गाडीवर, फुटलेल्या दिव्यावर लिहितील. भाषा घरची मराठी, बाहेरची हिंदी, मधेच एखादा माळवी शब्द, अशीच येईल, कारण आपली मुलं तशीच बोलतात. तिथे ‘हे शुद्ध मराठी नाही’ असं कुणी म्हणू लागलं तर त्यांना प्रेमानं चहा द्या आणि विषय बदला. शिव्या येतील त्याचं काय, असं तुम्ही विचाराल. त्यांना एवढंच सांगा की हे आपण मंदिराच्या मांडवात, आजीआजोबांसमोर म्हणणार आहोत. पुढचं ती स्वतः करतात.

तुमचं काम तिथे बसणं. कोपऱ्यात खुर्ची टाका, भाजी निवडायला घेऊन जा. विचारलं तर सांगा, नाही विचारलं तर गप्प राहा. एखाद्या दिवशी पोरगं येऊन म्हणेल, “काकू, हा सूर कुठला आहे, पेटीवर दाखवा ना.” त्या दिवशी तुमचं शिकवणं सुरू होईल. माझ्या चौदा मुलांना मी पहिल्याच दिवशी उत्तरं दिली. प्रश्न त्यांनी विचारलेच नव्हते.

बाकी कोण येणार, यावर थोडं मोकळेपणानं लिहिते. तुमच्या पत्रात सगळीकडे ‘मुलं’ आहे, त्यात मुली दिसल्या नाहीत. मुलींनाही तितकाच कंटाळा येतो, त्यांना ओटला नसतो म्हणून तो दिसत नाही. मंडळातल्या दोघी बायका आळीपाळीनं तिथे बसणार आहेत हे घरोघर सांगितलंत की त्यांच्या आया पाठवतील. पहिल्या दिवसापासून बोलवा, नंतर ती मुलांची खोली होऊन बसते. आणि तुमच्या कॉलनीच्या मागे वस्ती असेल, चौकीदाराचा मुलगा असेल, इस्त्रीवाल्याचा असेल. त्यांच्याकडे ढोलक घरातच वाजत असते. त्यांना दारातून आत घ्या. संघातून कुणीतरी ‘बाहेरची मुलं’ म्हणून कुरकुर करेल, त्यावेळी मात्र ठाम राहा. हातात लय असलेलं एक पोर आलं की बाकीच्या सात जणांना त्याच्यामुळे जे येतं, ते कुठल्याही गुरुजींकडून येत नाही.

एक संध्याकाळ त्यांना घेऊन देवासच्या बाजूला जा. पस्तीस-चाळीस किलोमीटर आहे, दोन गाड्या पुरतील. तिथल्या खेड्यांमध्ये कबीराची भजनं गाणाऱ्या मंडळ्या आहेत, ओळखीपाळखीतून बैठक कुठे आहे ते कळतं. दिवसभर शेतात राबून आलेली माणसं रात्र रात्र गातात. तंबुरा, करताल, ढोलक, मंजिरा, एवढंच. 1990 च्या दशकात देवासला अशा मंडळ्या दर महिन्याला ठरलेल्या तारखेला एकत्र बसायच्या, आधी गायच्या आणि मग गायलेल्या पदाच्या अर्थावर वाद घालायच्या. प्रह्लादसिंह टिपानिया याच मुलखातले, खेड्यातल्या शाळेत मास्तर. मोठेपणी तंबुऱ्याचा आवाज कानावर पडला आणि तिकडे ओढले गेले. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण तुमच्या मुलांनी बघावं ते वेगळंच. तिथे गाणारा कोण आणि ऐकणारा कोण हे सांगता येत नाही, आणि साठ वर्षांचा माणूस सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात करताल देऊन “घे, धर” म्हणतो. हे त्यांनी एकदा स्वतः अनुभवावं.

ओटल्यावरच्या सळयांबद्दल: त्या बसवू देऊ नका. हे मी अगदी कळकळीनं सांगते. मुलं घरी जाणार नाहीत. ती दुसऱ्या ओटल्यावर जातील, जो तुम्हाला दिसत नाही, जिथे कुणी काकू रस्त्यावरून जाताना “जेवलात का रे?” म्हणून विचारत नाही. शिवाय दुपारी त्याच ओटल्यावर भाजीवाली टेकते, म्हातारी माणसं दम खायला बसतात. संघाच्या बैठकीत तीन महिन्यांची मुदत मागा, तेवढीच.

आणि बगीच्यातल्या दिव्याचा विषय खोलीशी जोडू नका. ‘तुम्ही सुधारावं म्हणून हे चाललंय’ असा नुसता वास जरी आला तरी पोरं फिरकणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर असेल. दिवा कुणी फोडला हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. खोलीतल्या वस्तू मात्र तुटतील. ढोलकीचं पान फाटेल, पेटीची एखादी पट्टी बसेल. तेव्हा बैठक बोलावू नका, चौकशी करू नका. “दुरुस्त कुठे होतं, कोण घेऊन जातंय?” एवढंच विचारा.

तुमच्या यजमानांना साधा हिशेब दाखवा. सात ते अकरा, रोज. आठवड्याचे 28 तास सध्या ओटल्यावर जातात. त्यातले चार खोलीत जावेत एवढंच तुम्ही म्हणताय, अभ्यासाच्या वेळेला हातही लावत नाही आहात. नऊला कुलूप लागलं की त्या दोन दिवशी तरी तो घरी लवकर येण्याची शक्यता आहे. परीक्षेचे गुण यानं वाढतील असं मात्र त्यांना सांगू नका. ते वचन आपलं नाही, आणि दिलंत तर पहिल्या खराब टेस्टला खोली बंद होईल. जमलं तर त्यांनाच सुताराकडे पाठवा. वडील प्लाय निवडायला बरोबर गेले की त्यांचाही विरोध निम्मा होतो.

सगळ्या पोरांचं सगळं दुखणं या खोलीत बरं होणार नाही, हेही आत्ताच सांगते. एखादं पोर खोलीत आलं तरी भिंतीकडे बघत बसत असेल, रात्र रात्र झोपत नसेल, जेवण तुटलं असेल, नशेच्या मागे लागलेलं असेल, किंवा ‘कशाला जगायचं’ असं सहज बोलून जात असेल, तर तिथे ढोलकी उपयोगाची नाही. त्याच्या घरच्यांशी बोला, डॉक्टरांकडे न्या. 14416 हा सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक आहे. दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, आणि मुलगा स्वतःही फोन करू शकतो. हा क्रमांक खोलीच्या दारामागे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, कुणाकडे बोट न दाखवता. परीक्षेच्या तयारीच्या वर्षात आपल्या शहरातली कितीतरी मुलं आतून फार एकटी असतात.

आता तारीख. ज्येष्ठ चालू आहे, म्हणजे गणपतीला अडीच-तीन महिने आहेत. तुमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात कुठली तरी एक संध्याकाळ आत्ताच मागून घ्या. फक्त वीस मिनिटं. संघाच्या कार्यक्रमपत्रिकेत छापून घ्या, नाव मुलं देतील ते. त्याआधी आषाढी एकादशीला गुरुवारच्या मंडळाबरोबर एकच अभंग: तुम्ही बायका ध्रुवपद धरा आणि कहोनवर त्यांचा ठेका. आषाढीला गोंधळ झाला तरी चालेल. पांडुरंगापुढे आजवर कुणाचा ताल चुकला म्हणून काही बिघडलेलं नाही. पण त्या दिवशी मुलांना कळेल की वीस मिनिटं ही किती मोठी गोष्ट आहे, आणि दुसऱ्या दिवसापासून ती तुमच्याकडे नऊच्या ऐवजी साडेनऊ मागायला येतील. द्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा. मी दिले असते.

पहिल्या मंगळवारी कुणीच येणार नाही, असं समजून चाला. दुसऱ्या खेपेला तुमचा मुलगा दारातून डोकावून, “काय चाललंय?” विचारून परत जाईल. तरीही दोन्ही दिवस सातला खोली उघडा, दिवा लावा, स्वतःसाठी दोन भजनं म्हणा. खिडकी उघडी असू द्या, आवाज ओटल्यापर्यंत जाईल. आणि दार ओढून घेताना कुणी बाहेर कशावर तरी बोटं वाजवताना दिसलं, मोटारसायकलच्या टाकीवर, पत्र्यावर, पाण्याच्या पिंपावर, तर त्याला काही म्हणू नका. पेटी दारापर्यंत पुढे सरकवा आणि त्याच्या ठेक्यावर सूर धरा.